वारा पडला तेव्हा

आप्पांचं देवीला घातलेलं गाऱ्हाणं काही संपेना. डोंगरमाथ्यावरच्या सपाट, उघड्या सड्याच्या कडेला एका जांभ्या दगडावर नारळ आणि विडा मांडून ते हात जोडून उभे होते. ग्रामदेवतेपासून सुरुवात करून, वाडीतल्या गुराढोरांची काळजी तिच्यावर सोपवून, ते आता कुठे मुंबईला गेलेल्या पोरांपर्यंत पोचले होते. भोवती जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "होय महाराजा" म्हणत होती. त्यांची मुलगी समीक्षा मागे उभी राहून दात आवळत होती.

"आप्पा, ऊन चढतंय," ती शेवटी म्हणाली.

आप्पांनी डोळे न उघडता एक हात वर केला आणि परदेशात बोटीवर असलेल्या मुलांसाठी वेगळं मागणं सुरू केलं.

समीक्षा शिवलकर पुण्याच्या एका संस्थेत संशोधक होती. वणवा का आणि कसा धावतो, वाऱ्यातले झटके आणि भोवरे आगीला कुठे ढकलतात, धूर कधी आभाळात जातो आणि कधी माणसांच्या नाकातोंडावर बसतो, हा तिचा अभ्यास. हे समजून घ्यायचं तर कुठेतरी खरं गवत खऱ्या वाऱ्यात, पण ताब्यात ठेवून जाळावं लागतं. तीन वर्षं ती त्यासाठी जागा शोधत होती. जाळायला जमीन मागितली की लोक तिच्याकडे वेड्यासारखे बघायचे. मग गेल्या दिवाळीत आप्पाच म्हणाले, "आपला सडा आहे की! दरवर्षी कोणीतरी लावतोच आग. यंदा तू लाव."

गुहागरच्या वर, डोंगरमाथ्यावर शिवलकरांचा तो सडा. वर चढलं की पश्चिमेला समुद्र दिसतो आणि पूर्वेच्या उतारावर वाडी. समीक्षाने सगळे परवाने मिळवले. गुडघाभर वाळक्या गवताचा एक चौकोन आखला, त्याच्या चारी बाजूंना गवत खरवडून रुंद जाळरेषा काढली आणि मधोमध यंत्रांचा उंच खांब उभा केला. वाऱ्याचा बारीकातला बारीक हिसका तो खांब टिपत होता.

पण त्या खांबाने तिला महिनाभर छळलं. पहिले आठ दिवस वाडीतला एकेक माणूस येऊन विचारून गेला, "कुठल्या कंपनीचा सर्वे गो हा? जमिनी घेणार काय?" नंतर कोणीतरी खांबाच्या ताणाच्या तारेला बकरी बांधली. तारेवर गोधडी वाळत घातलेली सापडली. आणि आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला छातीठोक सांगत होते की हे पावसाचं यंत्र आहे, लेकीने सरकारकडून आणलंय.

आज सकाळीच पेटवायचं होतं, कारण सकाळी मतलई वारा असतो. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा, शांत, एकसारखा. सडा अजून गार असतो, त्यामुळे हवेत उसळी नसते. एकदा का तो काळा कातळ तापला, की वरची हवा उकळायला लागते आणि वाऱ्याला धरबंध राहत नाही. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो तो वेगळाच. हे सगळं समीक्षाने आप्पांना, जमलेल्यांना आणि पाण्याच्या टँकरवाल्या लवूला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं.

गाऱ्हाणं संपलं, पण लवूचा पत्ता नव्हता. टँकर उभा असल्याशिवाय काडी ओढायची नाही, हे परवान्यात लिहिलेलं. फोन केला तर तो म्हणाला, "पोचलोच ताई, तासाभरात. लग्नघरी पाणी टाकायचं होतं. त्यांना नाय कसं म्हणू?"

"आणि मला हो कसं म्हणालास?"

"तुम्ही घरच्याच ना!"

टँकर धापा टाकत वर आला तोवर सड्यावरची हवा थरथरत होती. कातळावरून छोट्या छोट्या वावटळी उठून वाळका पाचोळा गरगर फिरवत होत्या. सोबतचा शुभंकर यंत्रांचं सगळं बघायचा. त्याने लॅपटॉपचा पडदा तिच्याकडे वळवला. वाऱ्याची रेघ सकाळी सरळ होती, आता तिला करवतीसारखे दाते आले होते.

"बंद," समीक्षा म्हणाली. "आज नाही. उद्या उजाडता करू."

जमलेल्यांत कुजबुज झाली. दोन मोठी पातेली भरून चहा झाला होता, पोहे झाले होते. आप्पांचा चेहरा पडला.

"अगो, माणसं कामधंदा टाकून आलीत."

"मी कोणाला बोलावलं नव्हतं, आप्पा. तुम्ही बोलावलंत."

"बोटीवर जन्म काढला मी. वारा तू मला शिकवू नको."

"बोटीवरच्या वाऱ्याखाली पाणी असतं. इथे खाली तापलेला दगड आहे. वेगळं असतं ते."

आप्पा गप्प बसले. त्यांचं ते गप्प बसणं समीक्षाने होकार मानलं, आणि ही तिची मोठी चूक झाली. तेवढ्यात पुण्याहून संस्थेतल्या साहेबांचा निरोप आला, ताबडतोब फोन कर. सड्यावर रेंज येऊनजाऊन असायची, धड बोलता येत नव्हतं. पूर्वेच्या उतारावर सखूच्या दुकानाशी ती नीट मिळायची. समीक्षा चिडचिड करतच खाली गेली.

साहेबांना हवं होतं ते एवढंच, की अहवालाच्या पहिल्या पानावर संस्थेचं बोधचिन्ह उजवीकडे घालायचं की डावीकडे. ती दुकानाच्या फळीला टेकून "हो सर, डावीकडे सर" करत होती, तेव्हा सखू शेंगदाणे तोलता तोलता थांबली आणि वर बघत म्हणाली, "तुमचं पेटलं वाटतं."

समीक्षाने मान वर केली. सड्यावरून धुराचा खांब उभा राहिला होता. सरळ, जाड, पांढरा, एखादा माड वाढावा तसा वाढत जाणारा. इतका सरळ धूर बघून कोणालाही बरं वाटावं. समीक्षाने मात्र घड्याळ पाहिलं. मतलई वारा संपला आणि खारा अजून आलेला नाही, अशी ती मधली वेळ होती.

फोन तसाच चालू ठेवून ती धावत सुटली.

वर पोचली तेव्हा चौकोन चांगलाच पेटला होता. ज्वाळा सगळ्या बाजूंनी आत झुकलेल्या, मध्ये एकवटून वर चढणाऱ्या. आगीने स्वतःचा वारा तयार केला होता. तिच्या पाठीकडून हवा आत ओढली जात होती, ओढणीचं टोक आगीकडे फडफडत होतं. आप्पा कमरेवर हात ठेवून उभे होते.

"बघ," ते म्हणाले. "रेषेबाहेर एक ठिणगी नाही."

"कोणी पेटवलं?"

"वारा पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं. अशी वेळ परत मिळाली असती काय?"

ती शुभंकरकडे वळली. तो पांढराफटक पडला होता. "मॅडम, आप्पा म्हणाले तुम्हाला विचारलंय."

"विचारलंच होतं की," आप्पा म्हणाले. "दिवाळीत. वारा कमी असला की पेटवायचं, असं तूच म्हणाली होतीस."

समीक्षाला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला वेळ नव्हता. तिच्या मानेला गार लागलं. पश्चिमेकडून, समुद्राच्या बाजूने, एक हलकीशी झुळूक आली आणि तिला मिठाचा वास होता.

"लवू! टँकर गडग्याकडे घे! पूर्वेला! सगळे गडग्याकडे चला!"

सड्याच्या पूर्व कडेला कमरेएवढा दगडी गडगा होता, आणि गडग्यापलीकडे हौसाकाकींची काजूची बाग. लवूने टँकर सुरू केला, पण माणसांना काय घाई आहे ते कळेना. चहाचे कप हातात घेऊन ती धुराकडे बघत राहिली. आणि मग खारा वारा आला. एकदम आला. धुराचा तो सरळ खांब मुळाशी मोडला. त्याचा खालचा भाग पूर्वेला लोळण घेत सुटला, वरचा भाग अजून उभाच होता, आणि दोन्हींच्या मधे धूर पिळल्यासारखा गोल फिरत होता. आत झुकलेल्या ज्वाळा जमिनीशी आडव्या झाल्या. त्यांच्यातून जळत्या पात्यांचे मूठभर झुबके उचलले गेले, जाळरेषेवरून, माणसांच्या डोक्यावरून, गडग्यावरून.

गडगा वारा अडवतो असं सगळ्यांना वाटतं. नदीच्या पाण्यात धोंडा असला की त्याच्या मागे पाणी गोल फिरतं आणि वाहून आलेला कचरा तिथेच अडकतो; गडग्यामागे वाऱ्याचंही तसंच होतं. वरून गेलेला वारा पलीकडे खाली गिरकी घेत होता आणि त्यातल्या ठिणग्या अलगद काजूखालच्या पातेऱ्यात उतरत होत्या. पानांचा तो थर वर्षभर कोणी झाडला नव्हता. आधी एका ठिकाणी धूर निघाला, मग चार ठिकाणी, मग मोजायचं कारणच उरलं नाही.

आता चहाचे कप पडले. माणसं हिरव्या फांद्या तोडून बागेत धावली आणि जमीन बडवायला लागली. लवूने पाइप ओढला तर तो गडग्याला पोचून संपला. "लांब पाइप लग्नघरी राहिला, ताई!" तो ओरडला.  समीक्षाच्या तोंडात जे शब्द आले ते वडीलधाऱ्यांसमोर बोलण्यासारखे नव्हते.

तेवढ्यात खालून हौसाकाकी आल्या. साठीच्या, सडपातळ, पदर कमरेला खोचलेला. "माझी गाय बांधलीय आत!" एवढंच म्हणून त्या कोणी अडवायच्या आत धुरात घुसल्या. समीक्षा मागोमाग गेली.

आत दिसत काहीच नव्हतं. धूर वर जायच्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवरून परत खाली दाबला जात होता. डोळ्यांतून पाणी, घशात काटे. आवाजाच्या दिशेने जाऊन तिने हौसाकाकींचा दंड पकडला आणि त्यांना जमिनीवर पालथं पाडलं. जमिनीलगत हातभर हवा बरी होती.

"सोड मला! गाय!"

"काकी, श्वास घ्या आधी. वारा एकसारखा येत नाही, झटक्यांनी येतो. दोन झटक्यांच्या मधे धूर उठेल. तेव्हा पळायचं."

"कधी उठेल?"

"ते नाही सांगता येत."

"मग तुझा एवढा अभ्यास काय कामाचा?"

 समीक्षा जमिनीला गाल लावून पडून राहिली आणि अंगावरून जाणारा वारा ऐकत राहिली. एक झटका आला, दुसरा आला, मग हवा क्षणभर ढिली पडली. धुराचा पडदा गुडघ्याएवढा वर उचलला गेला. डावीकडे गुडघाभर उंचीच्या ज्वाळांची ओळ सरकत येत होती आणि तिच्यामागे काळीठिक्कर, नुसती धुमसणारी जमीन.

"उठा! तिकडे!"

"आगीत नेतेस मला?"

"आगीच्या मागे. जळून गेलंय तिथे परत काही जळत नाही."

हौसाकाकींनी पाय रोवले. समीक्षाने ओढणी त्यांच्या तोंडावर टाकली, त्यांना अक्षरशः बखोटीला धरलं, आणि जिथे पातेरा पातळ होता आणि ज्वाळा विझत आल्या होत्या तिथून दोघींनी उडी मारली. काकींच्या लुगड्याचा काठ पेटला, तो समीक्षाने हातांनी चोळून विझवला. पलीकडे राखेत पावलं भाजत होती, पण श्वास घेता येत होता. आग त्यांच्याकडे पाठ फिरवून पुढे गेली. दोघी खोकत, रडत, एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

गाय केव्हाच दावं तोडून पळाली होती. ती घरासमोरच्या अंगणात उभी राहून पडवळाचा वेल खात होती.

उताराच्या खाली लाल मातीचा गाडीरस्ता होता. तिथे वाडीतल्या माणसांनी आग रोखली. ऊन कलताना वारा मंदावला आणि मग ती मेली. संध्याकाळभर धूर वाडीच्या खोलगटात साचून राहिला; घराघरांतून खोकल्याचे आवाज येत होते. माणूस गेलं नाही, जनावर गेलं नाही. पण हौसाकाकींची बाग गेली. मोहोर आणि कोवळ्या बिया धरलेली काजूची झाडं करपून तांबडी पडली.

समीक्षा हातांना मलम लावून ओटीवर बसली होती तेव्हा शुभंकर लॅपटॉप घेऊन आला. तोंड काजळीने माखलेलं, पण डोळे चमकत होते.

"मॅडम, खांब वाचलाय. सगळं नोंदलं गेलंय. आगीने ओढलेली हवा, खारा वारा येतानाचा पहिला धक्का, भोवरे, सगळं. असं मोजमाप मी तरी कुठे बघितलेलं नाही."

तिने पडद्याकडे पाहिलं आणि तिला आनंद झाला. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं. आणि पुढच्याच क्षणाला स्वतःच्या त्या आनंदाची तिला इतकी चीड आली की तिने लॅपटॉप फटकन मिटला.

आप्पा आतून बाहेर आले. भुवया जळलेल्या, हाताला फडकं. दिवसभर तेही आग बडवत होते. "वाऱ्याने दगा दिला," ते म्हणाले.

"दगा? आप्पा, तो रोज येतो. तुमच्या जन्माच्या आधीपासून याच सुमाराला येतोय. मी सकाळी किती वेळा सांगितलं?"

"एवढा अचानक नाही येत."

"तो अचानकच येतो! तेच तर मी शिकले एवढी वर्षं! आणि शुभंकरला खोटं का सांगितलंत?"

"खोटं नाही. दिवाळीत..."

"आप्पा!"

"ओरडू नको. घसा धरलाय तुझा," असं म्हणून त्यांनी तिच्यासमोर गुळाचं पाणी ठेवलं आणि आत निघून गेले. समीक्षाने डोकं ओटीच्या खांबाला टेकलं. या माणसाशी भांडून कधीच कोणी जिंकलं नव्हतं.

सकाळी ती एकटीच हौसाकाकींकडे गेली. काकी करपलेल्या झाडांमधे उभ्या होत्या. "काकी, जबाबदारी माझी होती," ती म्हणाली. "परवान्यावर सही माझी आहे. मी सडा सोडून खाली जायला नको होतं."

काकींनी तिच्याकडे बघितलं नाही. "पेटवलं कोणी ते वाडीला माहीत आहे. मला एवढंच सांग, गडग्यावरून आली कशी? सासऱ्यांनी बांधलाय तो. आजवर किती वणवे आले, त्याच्याशी येऊन मेले."

समीक्षाने सांगितलं. धोंड्यामागचं पाणी, मागे फिरणारा वारा, पातेरा. काकींनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे गडग्याच्या पाठीला झाडलेलं असतं, तर?"

"तर कदाचित वाचली असती. नक्की नाही सांगता येत."

"तुला नक्की असं काहीच सांगता येत नाही काय गो?" काकी वैतागून म्हणाल्या. मग करपलेली एक डहाळी मोडत, "काल ओढून काढलंस ते मात्र बरं केलंस. मी मेले असते त्या गायीपायी. तुझ्या बापाला सांग, उद्यापासून इथे यायचं. उरलेला सगळा पातेरा त्याने हाताने काढायचा. आणि ही झाडं मी सांगेन तिथे छाटायची. माणूस पाठवायचा नाही, स्वतः यायचं."

आप्पांनी आढेवेढे घेतले, गुडघे दुखतात म्हणाले, पण गेले. समीक्षा पुण्याला परतली.

साहेब मोजमापांवर बेहद्द खूश होते. "अहवालात लिहा, अनपेक्षित वाऱ्यामुळे आग रेषेबाहेर गेली," त्यांनी सुचवलं. समीक्षाला हसावं की रडावं कळेना. पुण्यातले साहेब आणि वाडीतले आप्पा, दोघांची भाषा एकच! तिने लिहिलं की वारा अपेक्षित होता, त्याची वेळही माहीत होती, आणि प्रयोगप्रमुख जागेवर नसताना आग लावली गेली. साहेब दोन दिवस बोलले नाहीत. पुढच्या वर्षीचे परवाने रद्द झाले. सड्यावरचा खांब उतरवून आणावा लागला. मोजमापं मात्र राहिली, आणि त्यांच्यावर काम करताना तिला प्रत्येक वेळी घशात धूर जाणवायचा.

एप्रिलच्या अखेरीस हौसाकाकींचा फोन आला. काही झाडांना खोडातून तांबूस पालवी फुटली होती. "सगळी नाय, निम्मी असतील," त्या म्हणाल्या. "आणि दुसरं सांगायचं होतं. काल वाडीतला तो बाळा पालापाचोळा पेटवून भाताच्या रोपाची जमीन भाजायला निघाला भर दुपारी. तुझा बाप माझ्या बागेत होता, तो उठला आणि त्याच्या हातातली काडीपेटी काढून घेतली. म्हणतो, मधल्या शांततेवर विश्वास ठेवू नको, उद्या उजाडता ये, मी पण येतो. गडग्याच्या मागे वारा कसा फिरतो तेही त्याला काठीने मातीत काढून दाखवलं."

 समीक्षाने लगेच आप्पांना फोन लावला.

"आप्पा, काकी सांगत होत्या बाळाचं. बरं केलंत."

"त्यात काय? मला वाऱ्याचं कळतं. बोटीवर जन्म काढलाय."

"मग त्या दिवशी..."

"त्या दिवशी वाऱ्याने दगा दिला," आप्पा शांतपणे म्हणाले. "आणि ऐक, ही हौसा चहात साखर घालत नाही. दिवसभर राबवते आणि कडू चहा देते. तू बोल जरा तिच्याशी."

समीक्षाने फोन कानापासून लांब धरला, छताकडे बघितलं, आणि आप्पांचं संपायची वाट बघत राहिली. ते आता काकींच्या कोयत्याला धार नसल्याबद्दल सांगत होते.